काळं झबलं, जरीची टोपी, खाकी चड्डी

१९०१ सालचा उन्हाळा. साताऱ्यात एका निवृत्त सुभेदाराच्या घरी मुलांसाठी नवे कपडे आले होते. सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम म्हणून सुरू केलेल्या तलावावर खजिनदार होते. ‘सुटीत माझ्याकडे या,’ असे त्यांचे पत्र आले होते. मुलांनी जन्मात आगगाडी पाहिलेली नव्हती. असा प्रवास काही रोजच्या कपड्यांत होत नाही. इंग्रजी धर्तीचे सदरे, खडे लावलेल्या चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे बूट, असा सगळा थाट झाला. मुले गाडीने मसूर स्टेशनला उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने विचारपूस केली. कपडे पाहून ही ब्राह्मणांची मुले असणार, अशी त्याची खात्रीच झाली होती. जात कळल्यावर त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या बोलीवर एक गाडी मिळाली. त्या मुलांतला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे त्यांनी हा प्रसंग स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला.

हा प्रसंग जातीच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. या प्रकरणात मात्र आपण त्या मुलांच्या अंगावरच्या कपड्यांकडे पाहणार आहोत. स्टेशनमास्तर तोंडाने चौकशी करत होता, पण डोळ्यांनी कपडे वाचत होता. पोर कुणाच्या घरचे, कोणत्या कामाला निघालेले, घरात चार पैसे आहेत की नाहीत, हे टोपीची जर आणि धोतराचे काठ सांगत. आपल्याकडे रोजचे कपडे वेगळे आणि ठेवणीतले वेगळे. ठेवणीतले म्हणजे ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहणारे, सणाला, मुंजीला, लग्नाला किंवा परगावी जाताना निघणारे. मुलांच्या या ठेवणीतल्या कपड्यांचा रंग पिढ्यान्‌पिढ्या दोनच गोष्टी सांगत आला: प्रसंग कोणता आणि घर कुणाचे. आतले पोर मुलगा आहे की मुलगी, हे सांगायचे काम रंगाकडे फार उशिरा आले.

इथे सातारा आणि सांगली यांचा एकत्र विचार केला आहे, त्यालाही कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात किंवा आसपासच्या संस्थानांत होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात रीतभात, शिंपी आणि बाजार बरेचसे सारखेच.

काळ्यातला बाळकृष्ण

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी बोरन्हाण होते. लेकराला काळे झबले घालतात. त्यावर हलव्याचे दागिने चढतात: मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा आणि मुलाच्या हातात बासरी. पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे आणि उसाचे करवे ओततात. गल्लीतली पोरे झुंबड करून ते वेचतात आणि उत्सवमूर्ती बहुधा भोकाड पसरते.

एरवी काळा रंग शुभकार्यात चालत नाही. बारशाला काळे आणले तर आजीच्या कपाळावर आठी पडते. संक्रांतीला मात्र तोच रंग मानाचा. याचे नेहमी सांगितले जाणारे कारण थंडीचे. काळे कापड ऊन शोषून घेते, म्हणून ऐन पौषात ते अंगावर बरे वाटते. दुसरे कारण नजरेचे, आणि माझ्या मते तेही तितकेच खरे. हलवा पांढराशुभ्र. मंद शेगडीवर परात ठेवून, तिळावर किंवा खसखशीवर थेंबाथेंबाने पाक देत, बोटे भाजून घेत त्याला काटा आणायचा. इतक्या कष्टाचा दागिना पांढऱ्या किंवा पिवळ्या कापडावर दिसणार कसा? तो काळ्यावरच उठून दिसतो. म्हणून नव्या सुनेची चंद्रकळा काळी आणि लेकराचे झबलेही काळे. मुलीचे बोरन्हाण असले तरी रंग हाच.

त्याआधीच्या कपड्यांतही असेच होते. जन्मल्यावर पहिले झबले बहुतेक घरांत जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे शिवत. जुने सूत मऊ असते, ते कोवळ्या अंगाला टोचत नाही. रंग त्या लुगड्याचा असेल तो. बारशाला कुंची आली की ती खणाची. गुळेदगुड्डकडचे खण सांगलीच्या बाजारात सहज मिळत. त्याच खणाची आईची चोळी आणि त्याच खणाची लेकराची कुंची. जांभळी, हिरवी, डाळिंबी, जशी मिळेल तशी. आत मुलगा आहे की मुलगी, हे कुंचीवरून ओळखता येत नसे.

काही घरांत तर ओळखू येऊ नये अशीच इच्छा असे. नवसाने झालेल्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याचे नाक टोचत, वेणी घालत, परकर नेसवत. त्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवत. देवाची किंवा सटवीची नजर चुकवायला पोराला पोरीचा वेष दिला जाई.

रंगात भेद नव्हता म्हणजे घरात भेद नव्हता, असे मात्र कुणी समजू नये. वेष पोरीचा देत, कारण पोरीकडे कुणाचीच नजर जाणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. ज्या साताऱ्यात नवसाच्या मुलाला असे जपत, त्याच जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या मुली होत्या. २०११ मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून त्यांना नवी नावे दिली.

हळद, मंजिष्ठ आणि सोवळे

मुलाच्या आयुष्यातला पहिला मोठा पोशाखी प्रसंग म्हणजे मुंज, अर्थात ज्यांच्या घरात ती होत असे त्यांच्यासाठी. आश्वलायन गृह्यसूत्रात बटूच्या रंगीत वस्त्राचा नियम सापडतो. ब्राह्मणाच्या मुलाला काषाय, क्षत्रियाच्या मुलाला मंजिष्ठेत रंगवलेले तांबडे आणि वैश्याच्या मुलाला हळदीत रंगवलेले पिवळे. मुलांच्या समारंभी कपड्यांचा रंग लेखी ठरवून देणारा आपल्याकडचा हा फार जुना दाखला. त्या नियमातही रंग सांगतो तो वर्ण. ज्यांना मुंजीचा अधिकारच नाकारला होता, त्यांच्या मुलांसाठी त्या यादीत कोणताही रंग नाही.

प्रत्यक्षात ही विभागणी फार पूर्वीच मागे पडली. बटूच्या कमरेला लंगोटी आणि अंगावर पंचा हे पांढरे सुती राहिले, आणि समारंभाचा रंग सोवळ्याने उचलला. मुकटा किंवा कद रेशमी, तांबडा, जांभळा नाहीतर पिवळा. रेशीम आणि लोकर लवकर ओवळी होत नाहीत, असा समज असल्याने सोवळ्याला तीच वस्त्रे. शिवाय रेशमावर रंग छान चढतो आणि सुतापेक्षा खुलून दिसतो. म्हणजे धर्माची सोय आणि डोळ्यांचे सुख एकाच वस्त्रात साधले. संध्याकाळी भिक्षावळीला निघताना तोच बटू मखमली कोट आणि जरीची टोपी घालून मिरवे. सकाळचा ब्रह्मचारी संध्याकाळी सरदार होई.

पिवळ्या रंगाचे माहेर सांगलीच. सांगलीची हळदपेठ देशात नावाजलेली. हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यात हळद साठवत, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण इतकी हळद असूनही कपडे रंगवायला ती भरवशाची नाही. याचे कारण कुठल्याही गृहिणीला ठाऊक असते. वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, कारण क्षाराने हळदीतला रंग पालटतो. तोच सदरा उन्हात टाकला की डाग आपोआप उडतो, कारण उजेडात तो टिकत नाही. म्हणून हळदीचा पिवळा हा दिवसापुरता रंग. लग्नातली, मुंजीतली हळद, पालीच्या खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा, बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराचा पिवळाधमक झालेला सदरा: हे सगळे पिवळे धुण्यापर्यंतच.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या रानात करडई पिकते. तिच्या फुलाचा कुसुंबी रंगही असाच नखरेल. आधी फुले धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, मग क्षाराच्या पाण्यात लाल उतरवायचा, मग लिंबासारख्या आंबटाने तो कापडावर बसवायचा. एवढे करून उन्हात विटायचा तो विटायचाच. टिकाऊ तांबडा हवा तर मंजिष्ठ किंवा आलाची मुळी, आणि टिकाऊ निळा हवा तर नीळ. निळीच्या पिंपात कापड पुन्हापुन्हा बुडवायचे काम निराळी लोकांचे. टिकणाऱ्या रंगाला मेहनत लागे आणि मेहनतीला पैसा. म्हणून गडद रंगाचा सदरा म्हणजेच ऐपत.

वस्त्रे म्हणजे अधिकार, ही कल्पना तर या भागात राज्याच्या पातळीवर चालत होती. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून यायची. १७७४ मध्ये सवाई माधवरावासाठी ती आली तेव्हा नवा पेशवा फक्त चाळीस दिवसांचा होता. इतक्या लहान वयात इतका औपचारिक पोशाख क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

पुडीतला रंग

१८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला. मलेरियाचे औषध शोधताना तो हाती लागला. १८६९ मध्ये मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. चाळीस वर्षांत मंजिष्ठ, आल, कुसुंबा आणि नीळ या सगळ्यांची सद्दी संपली. आठवडे बाजारात रंगाच्या पुड्या मिळू लागल्या. गिरण्यांचे कापड आधी मुंबईहून, सोलापूरहून येई. पुढे खुद्द सांगलीत आणि माधवनगरला गिरण्या उभ्या राहिल्या, विट्यात माग खडखडू लागले.

गडद रंग स्वस्त झाला तसे त्याचे वजन उतरले. ज्याला त्याला तांबडा सदरा परवडू लागला. तेव्हा ऐपत दाखवायचे काम रंगाने सोडले आणि ते जरीने, मखमलीने आणि कापडाच्या पोताने घेतले. मसूरच्या स्टेशनमास्तरला फसवले ते म्हणूनच टोपीच्या चकाकीने आणि रेशमी काठांनी. गंमत म्हणजे त्याच सुमारास अमेरिकेतही हेच चालले होते. १८८६ मध्ये ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कादंबरी आली आणि तिकडच्या आयांनी आपल्या मुलांना काळी मखमल आणि लेसची कॉलर चढवली. मुलांना तो पोशाख अजिबात आवडत नसे. भिक्षावळीत मखमली कोटात घामाघूम होणाऱ्या आपल्या बटूला त्यांचे दुःख नक्की कळले असते.

सामान्य घरात दिवाळीला एकच तागा यायचा. त्यातून थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळ्या भावांचे सदरे, आणि उरले तर बहिणीचे पोलकेही. शिंप्याला बजावलेले असे, ‘वाढत्या अंगाचं शिवा.’ त्यामुळे पहिल्या वर्षी बाह्या बोटांपर्यंत आणि तिसऱ्या वर्षी कोपरापर्यंत. ओळीने उभी राहिलेली ही भावंडे बँडपथकासारखी दिसत. त्या सदऱ्यांचा रंग एक घर सांगत असे.

पांढरी टोपी, खाकी चड्डी

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मुलाची ठेवणीतली टोपी जरीची, मखमलीची किंवा काळी असे. १९२० नंतर तिच्या जागी पांढरी खादीची टोपी आली. साताऱ्यात या बदलामागे एक ठळक माणूस उभा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्यांनी स्वतः खादीचे व्रत घेतले होते. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सगळी मुले त्यांच्याकडे एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव त्याला मिळाले. ज्या साताऱ्यात पाव शतकापूर्वी टोपीवरून जात ताडली गेली, तिथेच आता टोपीवरून जात कळणार नाही, अशी सोय होत होती. पुढे १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने साध्या गांधी पद्धतीच्या लग्नांचा प्रसार केला. त्यामुळे खादीचे पांढरे मांडवातही मानाचे झाले.

पांढरा रंग गरिबाचा म्हणतात, पण तो सांभाळणे सोपे नाही. काळ्या मातीच्या गावात पांढरा सदरा एका दिवसात मातकट होतो. मग आई त्याला नीळ द्यायची. नीळ जास्त पडली की सदरा आभाळी व्हायचा आणि वर्गात हसू व्हायचे. इस्त्री नसेल तर तांब्यात निखारे घालून तो सदऱ्यावरून फिरवायचा, नाहीतर रात्री घडी उशाखाली ठेवायची. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला त्या सदऱ्याची कडक घडी दिसली पाहिजे, यासाठी आदली रात्र खर्ची पडे.

खालची चड्डी मात्र खाकी. खाक म्हणजे धूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीने धुळीत मिसळून जाण्यासाठी हा रंग पत्करला आणि पुढे तो जगभरच्या फौजांचा झाला. सातारा तर फौजी जिल्हा. इथे आपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते. घराघरातून एक माणूस पलटणीत, त्यामुळे खाकी परकी कधी वाटली नाही. शिवाय ती मळखाऊ, जाड आणि स्वस्त. पांढरा सदरा आणि खाकी चड्डी हा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांचा गणवेश झाला आणि पुष्कळ घरांत तोच एकुलता एक ठेवणीतला जोडही. लग्नाच्या पंगतीत गणवेश घालून बसलेली मुले पन्नाशीच्या पुढच्या कुणीही पाहिलेली असतील. कित्येकांच्या बाबतीत त्या पंगतीत आपण स्वतःच बसलो होतो.

गणवेशाच्या रंगावर सरकारचेही लक्ष असते. २०२४-२५ मध्ये राज्याने सरकारी शाळांसाठी एकच गणवेश ठरवला: आकाशी सदरा आणि गडद निळी पँट. वर्ष सरण्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला.

गुलाबी कुणाचा, निळा कुणाचा

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. मुलाला निळा आणि मुलीला गुलाबी हा नियम पाश्चात्त्य जगातही सनातन नाही. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ मधला एक फोटो आहे. दोन-अडीच वर्षांचा हा मुलगा पांढऱ्या घेरदार झग्यात, लांब केसांनिशी बसला आहे. त्या काळी तिकडे लहान मुलगा आणि मुलगी दोघेही पांढऱ्या झग्यातच वाढत. पांढरे कापड उकळून धुता येते, एवढाच त्यातला हिशेब. १९१८ मध्ये लहान मुलांच्या कपड्यांच्या एका अमेरिकी व्यापारी नियतकालिकाने तर उलटाच सल्ला दिला होता. गुलाबी हा जोमदार रंग म्हणून मुलाला, निळा नाजूक म्हणून मुलीला. आजची वाटणी पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तिला बळ मिळाले दुकानदारीमुळे. थोरल्या बहिणीचा गुलाबी झगा धाकट्या भावाला चालत नाही म्हटले की दोन झगे विकले जातात.

आपल्याकडे हा नियम तयार कपड्यांबरोबर आला. पोरांचे कपडे घरी आलेल्या शिंप्याकडून किंवा कोपऱ्यावरच्या मशिनीवर शिवून घेत होतो, तोवर रंग ताग्यात असेल तो असे. दुकानात हँगरला टांगलेले कपडे आले आणि त्यांची विभागणी ‘बॉइज’ आणि ‘गर्ल्स’ अशी आली. दुकानदार पूर्वी विचारायचा, ‘कशासाठी हवंय? मुंज, लग्न की रोजचं?’ आता विचारतो, ‘मुलगा का मुलगी?’ लोकरीचा टोपी-मोज्यांचा जोड विणणाऱ्या आत्यांनी मात्र जुनी वाट सोडलेली नाही. बाळ यायचे असते आणि काय होणार ते ठाऊक नसते, म्हणून त्या लिंबू रंगाची नाहीतर पांढरी लोकर घेतात. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यावर बंदी घातली, त्यामुळे परदेशात होतात तसे जन्माआधीचे गुलाबी-निळे समारंभ आपल्याकडे होऊच शकत नाहीत. एका भयंकर सवयीला आळा घालायला केलेल्या कायद्याने लिंबू रंगाच्या लोकरीलाही जीवदान दिले.

आणि मोठ्या समारंभात मुलांचे रंग पुन्हा प्रसंगाकडे वळलेले दिसतात. साताऱ्याच्या शिवजयंतीत चार वर्षांचा मावळा भगवा फेटा बांधून फिरतो. लग्नात करवला जांभळी शेरवानी घालतो, मुंजीत बटूचे सोवळे राणी रंगाचे असते आणि त्यावर कुणी नाक मुरडत नाही. राणी रंग म्हणजे गुलाबीच की!

रंग कुठे शोधायचा

या विषयाची एक अडचण आहे. आजोबांच्या मुंजीचा फोटो बहुतेक घरांत सापडतो, पण तो काळापांढरा. टोपी जरीची आहे हे कळते, पण ती तांबडी होती की हिरवी हे कळत नाही. आंबेडकरांच्या आठवणीतही टोपीची चकाकी आहे, तिचा रंग नाही. कपडे स्वतः टिकत नाहीत. सुती सदरे बोहारणीच्या टोपलीत गेले आणि बदल्यात पातेले आले. जरीच्या टोप्या आतल्या चांदीसाठी जाळल्या गेल्या.

उरले ते वाकळीत. आपल्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात आणि वाकळीत घरातले सगळे कपडे शेवटी जातात. आईचे लुगडे, बापाचे धोतर, पोरांचे दिवाळीचे सदरे, खाकीचे तुकडे, एखाद्या कोपऱ्यात मुंजीतल्या सोवळ्याची पट्टी. आडवे-उभे टाके घालून एखाद्या घराचा शंभर वर्षांचा रंग त्यात शिवलेला असतो. संग्रहालयांत राजांचे अंगरखे जपले आहेत, पण साध्या घरातल्या पोरांचा रंग पाहायचा तर वाकळच काढायला हवी.

तेव्हा येत्या संक्रांतीला बोरन्हाणाचे फोटो काढून झाले की आणखी एक काम करा. माळ्यावरची जुनी वाकळ खाली घ्या, घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवा आणि एकेक तुकडा दाखवून विचारा, हा कुणाचा, कुठल्या प्रसंगाचा. ती सांगेल ते जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. सांगणारी माणसे आहेत तोवरच ते रंग आपले आहेत.